पोच

घरात वस्तू येताना धावत येतात आणि जाताना मात्र पाय ओढत जातात, हा अनुभव कोणत्या गृहस्थाला नाही? रद्दी, मोडक्या छत्र्या, लग्नात आहेर म्हणून आलेली एकसारखी सहा पातेली, कन्येने तिसरीत केलेला पुठ्ठ्याचा किल्ला, ही मंडळी एकदा उंबरठ्याच्या आत आली की हलायचे नाव घेत नाहीत. या नियमाला मी एकच अपवाद पाहिला आहे आणि तो म्हणजे पगार. तो येतो रेंगाळत आणि जातो धावत. परंतु भिंतीला भोक पाडून आमच्या घरात शिरलेली एक बारीकशी तारही हाच नियम पाळते आणि त्यापायी मी एका म्हाताऱ्या बाईचा चार महिने अपराधी होतो, हे मला २०२० सालच्या ऑगस्टपर्यंत ठाऊक नव्हते.

मी राहतो उल्हासनगरला, कॅम्प नंबर दोनमध्ये. हे सांगितले की मुंबईची मंडळी गालातल्या गालात हसतात आणि 'यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' ही कोटी आपणच प्रथम केल्याच्या थाटात ऐकवतात. मीही प्रथमच ऐकत असल्याच्या थाटात हसतो. शेजारधर्म म्हणून काही गोष्टी कराव्या लागतात. आमचे गाव गंमतीचे आहे खरे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. सैन्य गेले, निर्वासितांचे व्यापारी झाले, बराकींवर मजले चढले. पण आमच्या पत्त्यात अजूनही बरॅक नंबर लिहावा लागतो आणि कॅम्प हा शब्द तर कोणाला खटकतसुद्धा नाही.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. जागेच्या शोधात ते इकडे आले आणि एका सिंधी कुटुंबाच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिले. त्या माडीवरच मी वाढलो, एम. ए. झालो, बोहल्यावर चढलो आणि आता पंचेचाळिशी ओलांडूनही तिथेच आहे. खाली घरमालकीणबाई राहतात. त्यांना सारी गल्ली अम्मा म्हणते. सहा वर्षांच्या असताना त्या कराचीहून बोटीने मुंबईला आल्या आणि तिथून कल्याणच्या छावणीत. त्या प्रवासाविषयी त्या फारसे बोलत नाहीत. एका पत्र्याच्या ट्रंकेवर आपण झोपलो होतो आणि तिची कडी रात्रभर बरगडीत टोचत होती, एवढेच सांगतात. त्यांच्या यजमानांचे नेहरू चौकाजवळच्या कापडबाजारात दुकान होते. यजमान गेले, दुकान गेले. एकुलता एक मुलगा वीस वर्षांमागे कॅनरी बेटांवर गेला. स्पेनच्या ताब्यातल्या या बेटांवर सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. त्याचे तेनेरिफेला दुकान आहे. अम्मा त्या गावाचे नाव दर वेळी निराळे घेतात.

अम्मांची भाषा म्हणजे सिंधी, हिंदी आणि भाजीवालीकडून उचललेली मराठी यांची खिचडी. ती जशीच्या तशी छापणे कठीण आहे. म्हणून त्यांचे बोलणे मी मराठीतच देतो. मला त्या मास्तर म्हणतात. मी वर्तमानपत्रात लेख लिहितो, व्याख्याने देतो, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या लेखी मी अजून त्यांच्या पापडाच्या डब्यात हात घालणारा शाळकरी पोरगाच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. लोकल बंद पडल्या, महाविद्यालये बंद झाली आणि खडू धरून धरून ज्यांची बोटे पांढरी झाली अशा आम्हां मास्तरांच्या हाती मोबाइल आला. प्रथम मी थेट वर्ग घेऊन पाहिला. केशवसुतांवर मी असा काही रंगात आलो होतो म्हणता! पाऊण तास झाल्यावर एका मुलीने लिहून कळवले, 'सर, तुम्ही सुरुवातीला नमस्कार म्हणालात, त्यानंतरचे काही ऐकू आले नाही.' त्याच वेळी आतल्या खोलीत आमच्या कन्येचा भूमितीचा वर्ग चालू होता आणि चिरंजीवांचा चित्रकलेचा. तेव्हा मी ठरवले की व्याख्यान आधी चित्रित करावे आणि निवांतपणे पाठवून द्यावे. मराठी विश्वकोशाच्या दोन खंडांवर मोबाइल टेकवून मी त्याच्यासमोर बोलू लागलो. ते खंड घेतल्यापासून त्यांचा एवढा नियमित उपयोग कधी झाला नव्हता.

पंचेचाळीस मिनिटांचे एक व्याख्यान म्हणजे सहाशे मेगाबाइटची फाइल. रात्रीची जेवणे आटोपली की साडेनऊच्या सुमारास मी ती वर चढवायला लावी. पडद्यावर एक निळी रेघ गोगलगायीच्या गतीने सरके आणि अकराच्या पुढे केव्हातरी शेवटाला पोचे. आमच्या सौ. मधूनमधून विचारीत, "अहो, तुमचं वर चाललंय का अजून? माझी मालिका अडकलीय." आपल्या भाषेत वर जाण्याला जो एक खास अर्थ आहे, तो लक्षात घेता हा प्रश्न रोज रात्री ऐकणे फारसे सुखाचे नव्हते.

सहाशे मेगाबाइटची तीच फाइल कोणी आमच्याकडे पाठवली असती तर दहा मिनिटांत उतरली असती. वर चढवायला मात्र शंभर मिनिटे. असे का? याचे उत्तर मला पुढे मिळाले, ते येथेच सांगून टाकतो.

आमच्याकडे तेव्हा टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट येत असे. तांब्याची एक जोडी. गंमत अशी की टेलिफोन म्हणून ती तार मोठी न्यायी होती. मी एक वाक्य बोलावे, पलीकडच्याने एक बोलावे. दोघांना वाट सारखीच. परंतु बोलण्याला त्या तारेची फार थोडी ताकद लागते. सेकंदाला चार हजार कंपनांपर्यंत आपले बोलणे आटोपते; त्याच्यावरचा सारा भाग मोकळा पडलेला असतो. अमेरिकेत बेलकोर या संस्थेतील जोसेफ लेखलायडर या अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकात या मोकळ्या जागेची वाटणी करताना हेतुपुरस्सर पक्षपात केला. घराकडे येणारी वाट रुंद ठेवली आणि घरातून जाणारी अरुंद. त्यामागे एक सबळ कारण होते. टेलिफोन एक्स्चेंजपाशी शेकडो घरांच्या तारा एका जुडग्यात बांधलेल्या असतात. दूरच्या घरातून निघालेला आवाज तिथे पोचेपर्यंत क्षीण झालेला असतो आणि शेजारच्या तारांचा गलका त्याला गिळून टाकतो. तेव्हा जाणाऱ्यांना तळाची चिंचोळी पट्टी द्यावी आणि उरलेली सारी येणाऱ्यांना, म्हणजे एकूण फायदा अधिक. दुसरे कारण असे की लोकांना घरबसल्या चित्रपट दाखवावेत हा त्या काळचा बेत होता; आणि चित्रपट पाहणारा मनुष्य उलट काय पाठवणार? 'पुढचा लावा', एवढेच.

म्हणजे तुम्ही-आम्ही घेणारे आहोत, देणारे नव्हे, हे त्या तारेच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले होते. आपल्या सरकारनेही तेच गृहीत धरले. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड कशाला म्हणावे हे सांगताना उतरण्याचा वेग किमान २५६ किलोबिट असावा असे म्हटले. २०२३ मध्ये तो आकडा दोन मेगाबिटवर नेला. दोन्ही व्याख्या उतरण्याच्या. चढण्याविषयी अक्षर नाही. आमच्या तारेचे प्रमाण होते उतरायला आठ मेगाबिट आणि चढायला पाऊण-आठ दशांश. मध्य रेल्वेनेसुद्धा मुंबईकडे जाणारी ती 'अप' आणि परत येणारी ती 'डाऊन' असे ठरवले, पण रूळ तरी दोन्हींकडे सारखे घातले!

असो. आता अम्मांकडे वळतो.

टाळेबंदीत अम्मा एकट्या पडल्या. त्यांच्या मोबाइलला खालच्या जाड भिंतींत धड संदेश मिळत नसे आणि पैसे भरायचे दुकान बंद. मी माझ्या वाय-फायचा परवलीचा शब्द त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तो एप्रिल महिना होता. तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तेनेरिफेच्या संध्याकाळी पाचला, मुलाचा चेहरा त्यांच्या हातात उजळू लागला. पहिल्या दिवशी त्या एवढ्या मोठ्याने "दिसतोय! दिसतोय!" म्हणाल्या की समोरच्या बरॅकीतले लोक गॅलरीत आले. मी दाराशी उभा होतो. चित्र आरशासारखे स्वच्छ होते. त्याच्या मागच्या फळीवरच्या घड्याळातले काटे मी वाचू शकत होतो. आपल्या हातून एक सत्कृत्य घडले, या समाधानात मी वर आलो आणि व्याख्यान चढवायला लावले.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जुलैमध्ये एकदा मी भाजी द्यायला खाली गेलो, तेव्हा अम्मांनी मला बसवून घेतले. सिंध्यांच्या घरी पापड आणि पाणी पुढे आल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसते. पापड मोडता मोडता त्या म्हणाल्या, "मास्तर, मुलगा बदलला."

"काय झालं?"

"पूर्वी फोनवर मी अर्धं बोलले की तो पुढचं बोलायचा. आता मी विचारते, तो थांबतो. मग बोलतो. मनात काहीतरी मोजतो, मग बोलतो. आईशी बोलताना कोणी मोजतं?"

मी म्हणालो की तिकडे धंद्याच्या काळज्या असतील. स्पेनमध्ये फार हाल झाले आहेत.

"असतील," त्या म्हणाल्या. "पण हे बघ." त्यांनी नाकाला बोट लावले. नाक रिकामे होते. "मास्कमध्ये अडकायची म्हणून मेमध्ये चमकी काढून डबीत ठेवली. लग्नापासून नाकात होती. दोन महिने तो रोज मला बघतोय. एकदा तरी विचारावं, अम्मा, चमकी कुठे? नाही. त्याचं तोंड माझ्याकडे असतं, लक्ष नसतं."

यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. मुलांविषयीच्या तक्रारी ऐकून घ्याव्यात, त्यांत भर घालू नये, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. मी दुसरा पापड घेतला. परंतु वर जाताना त्या मुलाविषयी माझ्या मनात अढी बसली, हे कबूल केले पाहिजे. परदेशी गेलेल्या मुलांविषयी अशी अढी बसायला आपल्याला फार पुरावा लागत नाही.

ऑगस्टमध्ये पावसाने ओल्या झालेल्या पायरीवरून अम्मा घसरल्या. हाड मोडले नाही, पण घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला आणि पोटरीला लागले ते वेगळेच. डॉक्टरांनी पट्टी बांधली. मुलाला त्यांनी सांगितले, 'काही नाही, जरा मुरगळलं.' दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. पलीकडे तेनेरिफे.

"दादा, खरं सांगा, अम्माला किती लागलंय?"

मी म्हणालो, "तुम्ही रोज बघता की त्यांना. मला काय विचारता?" आवाजात थोडा वाकडेपणा आला असावा.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "दादा, मला ती दिसत नाही."

"म्हणजे?"

"चौकोन दिसतात. एप्रिलपासून. पांढरा चौकोन म्हणजे केस आणि खाली निळा-हिरवा म्हणजे सलवार-कमीज, असं मी समजून घेतो. आवाज तुटत येतो, तोही उशिरा. ती बोलते ते जुळवून मग मी उत्तर देतो. पहिल्या दिवशी ती 'दिसतोय, दिसतोय' म्हणून एवढी खूश झाली की माझ्याच्याने सांगवलं नाही. शिवाय लाईन तुमची. तुम्ही मेहेरबानीनं दिलेली. तिला कसं सांगू? तुम्हीही सांगू नका."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. चार महिने रोज रात्री एक आई मुलाला स्वच्छ पाहत होती आणि तो तिला पाहतो असे समजत होती. आणि तो मोजत नव्हता. तो तुकडे जुळवीत होता.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. मराठीत त्याला जेमतेम पस्तीस गुण पडत. आता तो संगणकांची जाळी विणण्याचे काम करतो आणि माझ्या दुप्पट मिळवतो. मी त्याला फोन केला. टाळेबंदी सैल झाली होती. दुसऱ्या दिवशी तो तोंडाला मास्क लावून, पिशवीत एक जुना राऊटर घेऊन बदलापूरहून स्कूटरवर आला. त्याने तासभर नुसते पाहिले. मग विचारले, "सर, रात्री साडेनऊला तुमच्या घरातून काय काय बाहेर जातं?"

"काही नाही. माझं व्याख्यान तेवढं."

त्याने आमच्या सौ.चा, मुलांचा आणि माझा असे चार मोबाइल टेबलावर मांडले. प्रत्येक मोबाइल दिवसभरात काढलेली छायाचित्रे, घराला वाय-फाय असेल तेव्हा, गुपचूप वर पाठवीत होता. आमच्या सौ.नी टाळेबंदीत केलेल्या यच्चयावत पदार्थांची छायाचित्रे घेतली होती. म्हणजे अम्मांचा चेहरा ज्या चिंचोळ्या बोळातून जायचा होता, त्या बोळात आधीच माझे केशवसुत, सौ.चे फणसाचे सांदण आणि चिरंजीवांचे मांजर यांची दाटी झाली होती.

"पण मग तो यांना स्वच्छ कसा दिसतो?" मी विचारले. "आमची मालिका अडकते, त्याचं चित्र मात्र अडकत नाही."

हा प्रश्न त्याला आवडला. विद्यार्थ्याने शाबासकी द्यावी असा प्रश्न विचारण्याचा प्रसंग मास्तरावर क्वचितच येतो.

"सर, रजिस्टर पत्र आणि साधं पत्र यांत फरक काय?"

"रजिस्टरला पोच मिळते."

"तेच. मालिका, फाइल, वेबसाइट हे सगळं रजिस्टरनं येतं. थोडे तुकडे आले की आपल्या घरानं उलट पोच द्यायची, मग ते पुढचे पाठवणार. पोच एवढीशी असते, पण जाते त्याच चिंचोळ्या वाटेनं. तिथे तुमचं व्याख्यान आडवं पडलंय. पोच वेळेवर जात नाही, म्हणून पलीकडचा हात आखडतो. उतरायची वाट मोकळी असून मालिका अडकते ती त्यामुळे. समोरासमोरच्या बोलण्याचं चित्र मात्र साध्या पत्रासारखं. एकेका तुकड्याच्या पोचेसाठी ते खोळंबत नाही. म्हणून तो इकडे धडधड येतो आणि अम्मा तिकडे जात नाहीत."

'पोच' हा शब्द मी तीस वर्षे दोन अर्थांनी वापरीत आलो आहे. पत्र मिळाल्याची खूण ती पोच. आणि ज्याला समज कमी, वेळकाळाचे भान नाही, त्याच्याविषयी आपण 'या माणसाला काही पोच नाही' असे म्हणतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवीत आहेत असे त्या दुपारी मला वाटले.

"आणि आवाज उशिरा का?"

"तुमच्या मोडेमला नाही म्हणता येत नाही म्हणून." त्याने त्या दिवे लुकलुकणाऱ्या डबीवर टिचकी मारली. वाट अरुंद असली आणि माल जास्त आला की खरे म्हणजे त्याने काही तुकडे टाकून द्यावेत. तुकडा हरवला की पाठवणारा समजतो, दाटी झाली, आणि आपण होऊन सावकाश पाठवतो. परंतु हे मोडेम सारे काही पोटात घालून घेते. त्याची साठवण समजा १२८ किलोबाइटची. आमच्या चढण्याच्या वेगाने ती रिकामी व्हायला सव्वा सेकंद लागतो. अम्मांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आधी या खोलीत, माझ्या व्याख्यानाच्या मागे रांगेत, सव्वा सेकंद उभा राहत होता आणि मग तेनेरिफेला निघत होता.

यावर मी नंतर थोडे वाचन केले. प्राध्यापकांची ही खोड जात नाही. तेव्हा कळले की हे दुखणे थोरामोठ्यांनाही झालेले आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीचे विद्यापीठ आणि तिथली लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यामधले जाळे असे तुंबले की सेकंदाला बत्तीस हजार बिटांचा वेग चाळीस बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर किती? चारशे यार्ड. आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाइतके. धावत जाऊन सांगून यावे! त्या फजितीतून व्हॅन जेकबसन यांनी हरवलेल्या तुकड्यावरून दाटी ओळखण्याची रीत बसवली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे साठवणुकीची जागा स्वस्त झाली, तेव्हा यंत्रे करणाऱ्यांनी सढळ हाताने पोटे मोठी केली आणि हरवणेच बंद झाल्यामुळे ओळखणेही बंद झाले. २०१० मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला स्वतःच्या घरात हा प्रकार आढळला, तेव्हा कुठे या पोटफुगीची चर्चा सुरू झाली. तिच्यावर दोन वर्षांनी जो उपाय निघाला, तो कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर काढणारे गृहस्थ पुन्हा जेकबसनच. एवढा वेळ रांगेत काढल्यावर माणसाला रांगेविषयी ममत्व वाटत असले पाहिजे.

विद्यार्थ्याने आणलेल्या राऊटरमध्ये हा उपाय बसवलेला होता. "मोडेमला रांग लावूच द्यायची नाही," तो म्हणाला. "रांग आपल्या राऊटरमध्ये लावायची. वाट आठशे किलोबिटची, तर आपण सहाशे ऐंशीच्या वर पाठवायचंच नाही."

"म्हणजे वेग वाढवायचा म्हणून कमी करायचा?"

"हो."

मला ते पटले नाही. तेव्हा त्याने एकदम कापडबाजारात उडी मारली. त्याच्या मामाचे तिथे दुकान आहे. "सर, घाऊक गिऱ्हाईक येतं, दोनशे पीस बांधून घेतं. त्याच वेळी एखादी बाई येते, तिला फक्त अस्तराचं अर्धा मीटर हवं असतं. मामा काय करतो? घाऊकवाल्याला गादीवर बसवतो, चहा मागवतो, आणि मध्येच बाईला अस्तर फाडून देतो. घाऊकवाल्याचं एक मिनिट जातं, त्याला कळतही नाही. बाईचा तास वाचतो. हा राऊटर मामासारखा आहे. तुमचं मोडेम म्हणजे सरकारी खिडकी. जो आधी उभा तो आधी."

हे मात्र मला तत्काळ समजले.

मग त्याने भिंतीवरून खोलीभर फिरवलेली तीन सांध्यांची जुनी टेलिफोन वायर काढून टाकली. पावसाळ्यात त्या सांध्यांवर हिरवट कीट चढे आणि जोडणी दिवसातून चारदा तुटे, हे आम्ही दैवावर सोडले होते. चारही मोबाइलांची छायाचित्रे पाठवण्याची वेळ त्याने पहाटे दोनवर नेली. आणि जाता जाता माझ्या वर्मावर बोट ठेवले. "सर, राग मानू नका, पण पंचेचाळीस मिनिटं तुमचा चेहरा कशाला पाठवता? आवाज पुरे आहे." त्याने हिशेब करून दाखवला. नुसता आवाज म्हणजे अकरा मेगाबाइटच्या आत. दोन-अडीच मिनिटांत वर. मी मराठी साहित्याच्या हितासाठी ही सूचना मान्य केली. उपस्थिती वाढली हे मुद्दाम नमूद करतो, कारण विद्यार्थ्यांना फाइल उतरवून घेणेही परवडू लागले. चेहरा गाळल्यामुळे ती वाढली असे आमच्या सौ.चे मत आहे.

(आता आमच्याकडे काचेच्या तंतूची जोडणी आहे आणि येण्या-जाण्याचा वेग सारखा मिळतो. तरी त्या तंतूच्या जी-पॉन नावाच्या प्रचलित पद्धतीतही उतरायला अडीच गिगाबिट आणि चढायला सव्वा असाच हिशेब ठेवलेला असतो, हे वाचून मी चकित झालो नाही. तांब्याची तार अजून भिंतीवरच आहे. घरातून काही जायचे म्हणजे वेळ लागतोच.)

त्या रात्री साडेनऊला मी अम्मांच्या खोलीत जाऊन बसलो. काही सांगितले नव्हते. व्याख्यान चढवले नव्हते, मोबाइल गप्प होते, वर सौ. मालिका पाहत होत्या. अम्मांनी डोक्यावरून ओढणी सारखी केली, घंटी वाजली आणि मुलाचा चेहरा उजळला. रोजच्यासारखाच. फक्त या वेळी तो काही बोलेना. पडद्याच्या अगदी जवळ आला. इतका जवळ, की अम्मा मागे सरकल्या.

"अम्मा," तो म्हणाला, "नाकातली चमकी कुठे आहे?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिले. "तू सांगितलंस त्याला?"

मी मान हलवली. खरेच मी सांगितले नव्हते. पुढचे दहा मिनिटे सिंधीत काय बोलणे झाले ते मला कळले नाही. एकमेकांचे वाक्य अर्ध्यावर तोडून दोघे बोलत होती. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली त्याला दिसली, हनुवटीवरचा ओरखडा दिसला, मागच्या भिंतीवर बापाच्या फोटोची काच तडकलेली दिसली. पापड न मागताच मी उठून वर आलो.

त्या आठवड्याच्या रविवारी सकाळीच अम्मांची खालून हाक आली. मी गेलो, तर चेहरा काळजीचा.

"मास्तर, ती लाईन आजच्या दिवस पहिल्यासारखी करता येते का?"

"का हो अम्मा?"

"त्याला मी सांगितलंय पट्टी निघाली. आज तो म्हणणार, उभी राहा, चालून दाखव."

मला हसू आले. मी म्हटले, राऊटरला हात लावायची माझी छाती नाही. तो विद्यार्थी रागावेल. त्याऐवजी मी त्यांचा मोबाइल कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्याला टेकवून असा ठेवला, की गुडघ्याखालचे काही दिसू नये. अम्मांनी दोनदा तपासून घेतले. रात्री साडेनऊला मी पुन्हा तिथे होतो. त्याने पाहिले, दोन गोष्टी इकडच्या तिकडच्या केल्या आणि म्हणाला, "अम्मा, चालून दाखव."

अम्मा उठल्या. एका हाताने कॉटचा कठडा धरून त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. नऊ पावले तिकडे, नऊ इकडे. पाय दिसत नव्हता हे खरे. पण पावलागणिक एकीकडे झुकणारा खांदा दिसत होता. त्या येऊन बसल्या, ओढणी सारखी केली आणि पडद्याकडे पाहून हसल्या. तिकडून काही उत्तर आले नाही. मी सवयीने वर, राऊटरच्या दिशेने पाहिले. पण आज तो उशीर तारेचा नव्हता.